क्लासचे पैसे पुढे शुल्कातून वसूल होतात का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आपली मुलगी यंदा दहावी झाली असून अकरावीला तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेतले आहेत. पुण्यातील एका क्लासने दोन वर्षांच्या ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र असलेल्या, वर्गाचे ३ लाख ८० हजार रुपये सांगितले आहेत, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. आपण संगमनेरकडे एका पतसंस्थेत नोकरीला आहात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७ लाख ४० हजारांच्या आसपास आहे आणि धाकटा मुलगा आठवीत आहे. नीट (वैद्यकीयची) किंवा सीईटी (राज्याची अभियांत्रिकीची) या प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळून पुढे महाविद्यालयाचे शुल्क कमी भरावे लागले, तर आज केलेला हा खर्च भरून निघेल का, एवढाच आपला प्रश्न आहे.

मी अकरा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि गेली सतरा वर्षे पालकांबरोबर बसून प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, भरतो आहे. क्लास लावावा की लावू नये, यावर माझे सरसकट मत नाही. हिशेब करायचाच असेल तर तो नीट व्हावा एवढा माझा आग्रह आहे, कारण क्लासच्या माहितीपत्रकात जो हिशेब मांडलेला असतो त्यात एक मोठी गफलत असते.

ती गफलत अशी की आपल्याकडे गुणांमुळे शुल्क कमी होत नाही. गुणांमुळे जागा मिळते आणि त्या जागेचे शुल्क आधीच ठरलेले असते. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, ९८ पर्सेंटाइलवर आलेला आणि ७१ पर्सेंटाइलवर आलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसला, तरी सवलती बाजूला ठेवल्यास दोघांना शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेले एकच शुल्क भरावे लागते. पालकांच्या मनात ‘गुण वाढले की फी माफ’ हे जे समीकरण असते, ते बऱ्याचदा अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून आलेले असते. तिकडे काही सरकारी विद्यापीठे एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण आणि शाळेतील श्रेणी यांचा तक्ता लावून थेट शिष्यवृत्ती देतात, अलाबामा विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि फ्लोरिडा राज्याची योजना तर ठरावीक एसएटी गुणांच्या वर राज्यातील सरकारी विद्यापीठाचे शिक्षण शुल्क भरते. मात्र त्याच देशात हार्वर्डसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणांवर एक डॉलरही देत नाहीत, केवळ कुटुंबाची आर्थिक गरज पाहतात. आणि शिकवणीमुळे एसएटीत पडणारी भर तिथल्या अभ्यासांत जाहिरातींपेक्षा पुष्कळ लहान आढळली आहे. तेव्हा तिकडचे उदाहरण इकडे लावू नये.

आपल्याकडे प्रश्न असा विचारावा लागतो: दोन जागांच्या शुल्कांत अंतर किती आहे, आणि क्लासमुळे आपले मूल त्या अंतराच्या अलीकडून पलीकडे जाण्याची शक्यता किती वाढते? वैद्यकीय शाखेत हे अंतर कड्यासारखे आहे, तर अभियांत्रिकीत बरेचसे उतारासारखे. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा करावा लागेल.

आधी वैद्यकीय. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसचे वार्षिक शुल्क साधारण दीड लाख रुपयांच्या घरात आहे. साडेचार वर्षे शुल्क भरायचे, शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजे एकूण पावणेसात लाखांच्या आसपास. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील राज्य कोट्याच्या जागेला महाविद्यालयानुसार वर्षाला आठ ते पंधरा लाख पडतात. हिशेबासाठी दहा लाख धरले तर एकूण ४५ लाख. त्याच महाविद्यालयातील संस्था कोट्याचे आणि अनिवासी भारतीय कोट्याचे शुल्क याच्या कित्येक पट असते. अभिमत विद्यापीठांत, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खासगी संस्थांत, वर्षाला २० लाखांच्या पुढेच बोलणे सुरू होते. २५ लाख धरले तर साडेचार वर्षांचे १ कोटी १२ लाख ५० हजार. शासकीय आणि खासगी राज्य कोटा यांत ३८ लाखांचे अंतर आणि शासकीय व अभिमत यांत एक कोटीहून अधिक. या आकड्यांसमोर क्लासचे चार लाख किरकोळ वाटतात, आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्यालाही आपल्याला नेमके तसेच वाटायला हवे असते.

यात दोन गोष्टी वगळलेल्या असतात. पहिली शक्यतेची. क्लास न लावता मुलीला शासकीय जागा मिळण्याची शक्यता समजा वीस टक्के आहे आणि क्लास लावून ती तीस टक्के होते. मग क्लासने दिले ते दहा टक्के, आणि ३८ लाखांचे दहा टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार. योगायोगाने नेमकी आपल्या क्लासची फी. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, पण पद्धत लक्षात घ्यावी: मुलीला जागा मिळाली तर वाचणारे सगळे पैसे क्लासच्या खात्यावर जमा करायचे नाहीत, कारण त्यातील मोठा वाटा तिच्या स्वतःच्या अभ्यासाचा आणि दहावीपर्यंत पक्क्या झालेल्या पायाचा असतो. क्लासच्या फलकावरचे चेहरे पाहताना हे विसरायला होते. त्यातील बरीच मुले कुठेही बसली असती तरी लागली असती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जो खर्च आपण कधी केलाच नसता, तो ‘वाचला’ असे म्हणता येत नाही. आपल्या उत्पन्नात अभिमत विद्यापीठाचे एक कोटीहून अधिक रुपये कुठून येणार होते? शासकीय जागा हुकली असती तर आपण जमीन विकून अभिमत विद्यापीठ गाठले असते, की मुलीला बीएएमएस, बीपीटी, बीएस्सी नर्सिंग किंवा औषधनिर्माणशास्त्राला घातले असते? दुसरे खरे असेल, तर क्लासमुळे मिळणारा लाभ शुल्काच्या बचतीत मोजायचा नाही, तिला हवा तो व्यवसाय मिळाला या स्वरूपात मोजायचा. तो लाभ मोठा असू शकतो, मी तो कमी लेखत नाही, पण मग ‘पैसे वसूल’ हा शब्द त्या चर्चेतून काढून टाकावा. ज्या घरात कोणत्याही परिस्थितीत मूल डॉक्टर करायचेच आणि त्यासाठी पैसा तयार आहे, त्याच घरात क्लासची फी ही शुल्कबचतीची खरी गुंतवणूक ठरते. गंमत अशी की त्या घराला बचतीची फारशी गरज नसते.

आता आपल्या बाबतीत सगळा हिशेब फिरवणारी बाब. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्वीच्या पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के सवलत मिळेल. ही योजना २०२४-२५ पासून लागू झाली. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय दोन्ही त्यात येतात. प्रवेश कॅपमधूनच झालेला असला पाहिजे; व्यवस्थापन किंवा संस्था कोटा चालत नाही; खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. वसतिगृह, खाणावळ, विकास शुल्क आणि इतर आकारणी आपल्यालाच भरायची असते, आणि शासनाकडून प्रतिपूर्ती येईपर्यंत काही महाविद्यालये पालकांकडे तगादा लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. आपले उत्पन्न ८ लाखांच्या आत राहिले आणि मुलगी या तीन घटकांपैकी एकात बसली, तर शासकीय जागा आणि खासगी महाविद्यालयातील राज्य कोट्याची जागा यांच्यातील शिक्षण शुल्काचे ३८ लाखांचे अंतर आपल्यापुरते जवळजवळ नाहीसे होते. मग रेषा ‘शासकीय की खासगी’ अशी उरत नाही, ‘कॅपच्या आत की बाहेर’ अशी होते, आणि त्यासाठी लागणारा क्रमांक शासकीय जागेइतका कडक नसतो. याउलट उत्पन्न ८ लाखांच्या वर गेले की ते अंतर पूर्ण ताकदीने परत येते.

आणि इथेच मला आपल्या आकड्याची काळजी वाटते. आज ७ लाख ४० हजार. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर पहिल्या वेतनवाढीनंतर ७ लाख ७७ हजार आणि दुसरीनंतर ८ लाख १६ हजार. मुलीचा प्रवेश दोन वर्षांनी होणार आणि दाखला लागणार तो त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा. म्हणजे आपण नेमके उंबरठ्यावर पोचलेले असाल. उत्पन्न लपवा असे मी सुचवत नाही. खोट्या दाखल्यावरचा प्रवेश मधेच रद्द होतो आणि मग वर्षही जाते. सांगायचे ते इतकेच की सवलत मिळेल असे धरून एक आणि मिळणार नाही असे धरून दुसरा, असे दोन अंदाजपत्रक आजच वहीत मांडून ठेवावेत. आपण प्रवर्ग कळवलेला नाही. इतर मागास वर्ग असेल तर एक फरक ध्यानात ठेवावा: नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी पगार आणि शेतीचे उत्पन्न ८ लाखांत मोजले जात नाही, पण तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात ते येते. हे दोन वेगळे कागद आहेत आणि एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. दरवर्षी जुलैत माझ्यासमोर असा एखादा पालक बसलेला असतो ज्याने दोन वर्षे क्लासला चार लाख भरले, पण एका दाखल्यासाठी सेतू कार्यालयात वेळेवर गेला नाही.

कागदांवरून आठवले, म्हणून कोट्याचेही सांगतो, जरी आपण पुण्याचा विचार करत असलात तरी. नीटच्या आधारे होणाऱ्या प्रवेशांत महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात; थोडे अपवाद आहेत, ते बहुतेक बदलीच्या सरकारी नोकरीतील पालकांसाठी. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मुलाला राजस्थानात क्लासला पाठवले आणि क्लासच्याच सांगण्यावरून बारावीसाठी नाव तिकडच्या शाळेत घातले. मुलाचे गुण आपल्याकडच्या शासकीय जागेपुरते होते, पण अखिल भारतीय १५ टक्क्यांत त्या गुणांना जागा नव्हती आणि राज्य कोट्यात तो पात्रच नव्हता. तयारी उत्तम झाली, शुल्क मात्र वाढले. पुण्यातील क्लासनेही बारावीसाठी कोणते कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, ते कोणत्या मंडळाचे आहे, तिथे हजेरी आणि प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे लेखी विचारून घ्यावे.

नीटबद्दल आणखी एक गोष्ट, जी बचतीच्या हिशेबात सहसा बसवली जात नाही. परीक्षा ७२० गुणांची असते, पण जागा गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळते. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते आणि सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ ची प्रश्नपत्रिका इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. आदल्या वर्षी ज्या गुणांना काहीच मिळत नव्हते, त्या गुणांना पुढच्या वर्षी शासकीय महाविद्यालय मिळाले. म्हणून ‘आमच्याकडे सरासरी अमुक गुण वाढतात’ हे क्लासचे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे, कारण शेजारच्या क्लासमध्येही ते वाढत असतात. सगळेच पायांच्या बोटांवर उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही, फक्त सगळ्यांचे पाय दुखतात.

गुणांमुळे शिक्षण खरोखर मोफत होते अशी एक जागा आपल्या पुण्यातच आहे: सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. तिथे नीटच्या गुणांबरोबर वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते, शिक्षण शुल्क नसते आणि बदल्यात सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करावी लागते. मुलींच्या जागा मोजक्याच आहेत. नागपूरच्या एम्समध्येही शुल्क नाममात्र आहे. दोन्ही ठिकाणचा क्रमांक इतका वरचा लागतो की त्यांवर घराचे अंदाजपत्रक उभे करू नये.

आता अभियांत्रिकी. इथे माझे मत अधिक ठाम आहे: शुल्क वाचवण्यासाठी म्हणून चार लाखांचा जेईईचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावणे बहुतेक घरांत आतबट्ट्याचे ठरते. आयआयटी स्वस्त असते ही जुनी समजूत आहे. २०१६ मध्ये तिथले वार्षिक शिक्षण शुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे, कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तरी पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान दोन-तृतीयांश माफ. ७ लाख ४० हजार उत्पन्नाच्या खुल्या प्रवर्गातील घराला तिथे पूर्ण शुल्क भरावे लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीसह सर्व एनआयटींमध्ये (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत) शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख आहे आणि माफीची रचना तशीच आहे. पुण्यामुंबईच्या बऱ्या खासगी महाविद्यालयाचे शुल्क दीड ते दोन लाखांत असते. म्हणजे शुल्काच्या तराजूत आयआयटी आणि खासगी महाविद्यालय जवळजवळ सारखेच उतरतात. आयआयटीला जायची कारणे वेगळी आणि भक्कम आहेत, शुल्क हे त्यांतील नव्हे.

मुलीच्या बाबतीत तर वर सांगितलेल्या योजनेमुळे कॅपमधील कोणत्याही महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क शून्यावर येऊ शकते, मग ते सीओईपी असो, सांगलीचे वालचंद असो की एखादे नवे खासगी महाविद्यालय. अशा वेळी सीईटीचे जास्त गुण तिला चांगले महाविद्यालय आणि हवी ती शाखा मिळवून देतील, पण रुपयांत फारसे काही वाचवणार नाहीत. उलट घरापासून दूरच्या नामांकित महाविद्यालयात गेली तर राहण्या-जेवणाचे महिन्याला दहा-बारा हजार वाढतील.

धाकट्या मुलाच्या वेळी चित्र वेगळे असेल, आणि सीईटीची तयारी थेट रुपयांत परत देते अशी एक वाट त्याच्यासाठी आहे, ती म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, जिला सगळे टीएफडब्ल्यूएस म्हणतात. प्रत्येक शाखेच्या मंजूर प्रवेशक्षमतेवर पाच टक्के जादा जागा असतात, म्हणजे साठच्या तुकडीला तीन. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख; वर धरलेल्या वाढीने आपण तोवर ती ओलांडलेली असाल, म्हणून ही वाट उत्पन्न तिच्या आत राहिले तरच आहे. निवड निव्वळ गुणवत्तेवर. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा संकेतांक वेगळा असतो आणि पुष्कळ पात्र मुले तो भरतच नाहीत. या जागांचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा वर असतो, म्हणून इथे दोन-तीन पर्सेंटाइलला खरी किंमत आहे. वर्षाचे शिक्षण शुल्क १ लाख ६० हजार धरले तर चार वर्षांचे ६ लाख ४० हजार वाचतात. तरीही हा पूर्ण आकडा तयारीच्या नावावर लिहू नये, कारण ८ लाखांच्या आतील मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शुल्क तसेही मिळते. म्हणजे तयारीमुळे वाचले ते उरलेले ३ लाख २० हजार. शाहू महाराज शिष्यवृत्ती कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांनाच असते. अपत्यांच्या या अटीत आपली दोन्ही मुले बसतात.

शिवाय सीईटीची तयारी चार लाखांची नसतेच. दीडशे प्रश्न, तीन तास, उणे गुण नाहीत, गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, अभ्यासक्रमाचा सुमारे ऐंशी टक्के भार बारावीवर: ही परीक्षा वेगाची आणि सरावाची आहे. राज्य मंडळाची पुस्तके ओळ न ओळ, जुन्या प्रश्नपत्रिका आणि काही हजार रुपयांची एखादी बरी टेस्ट सिरीज एवढ्यावर दरवर्षी मुले वर येतात. जेईईच्या वर्गात दोन वर्षे अवघड प्रश्नांशी झुंजलेली, पण सीईटीच्या वेगाचा सराव न झालेली मुले मात्र माझ्यासमोर निम्म्या तयारीनिशी येतात. एका परीक्षेसाठी पैसे भरले आणि प्रवेश दुसरीवर झाला.

शुल्काचा दर क्रमांकानुसार खरोखर बदलतो असे राज्याबाहेरचे ठळक उदाहरण व्हीआयटी वेल्लोरचे आहे. तिथे प्रवेश परीक्षेतील क्रमांकानुसार पाच शुल्कगट असतात आणि पहिल्या व पाचव्या गटांच्या शुल्कांत दुपटीहून अधिक फरक पडतो. पण पहिल्या गटाचे शुल्कही आपल्याकडच्या कॅपमधील सवलतीच्या जागेपेक्षा जास्तच असते. इतर काही खासगी विद्यापीठे ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ देतात, तेव्हा ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षांची, आणि ती टिकवायला दर सत्रात किती सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो, हे वाचल्याशिवाय तिला बचत म्हणू नये.

आता आपल्या क्लासकडे येतो. ३ लाख ८० हजारांत वस्तू व सेवा कर धरलेला आहे का, हे आधी विचारावे. तो अठरा टक्के असतो आणि धरलेला नसेल तर आकडा ४ लाख ४८ हजारांवर जातो. पुण्यात राहण्या-जेवणाचे महिन्याला बारा हजार धरले तर बावीस महिन्यांचे २ लाख ६४ हजार. दोन्ही मिळून ७ लाख १२ हजार, म्हणजे घरातील जवळजवळ पूर्ण वर्षाचे उत्पन्न. ‘स्कॉलरशिप टेस्ट’मध्ये मुलीला चाळीस टक्के सूट मिळाली असे कोणी सांगितले तर हुरळून जाऊ नये, ज्या छापील फीवर ती सूट मिळते, ती पूर्ण फी भरणारे कोणी असते का, हे त्याच वर्गातील दोन पालकांना विचारले की समजते. पूर्ण रक्कम एकदम भरू नये. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थी मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. ही अट पावतीवर किंवा करारात लिहून द्यायला क्लास तयार आहे का, यावरून पुष्कळ काही कळते.

कमी खर्चाचे पर्याय आहेत. आयआयटी कानपूरने शिक्षण मंत्रालयासाठी चालवलेले ‘साथी’ हे व्यासपीठ मोफत आहे. मुलगी इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असेल तर नागपूरच्या महाज्योती संस्थेचे जेईई-नीट-सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण आहे, त्यात टॅबही मिळतो, पण अर्जाची मुदत दहावीच्या निकालानंतर लवकर संपते. नीटसाठी एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन पुस्तके पाठ झाल्याशिवाय कोणताही क्लास उपयोगी पडत नाही, आणि ती पाठ झाल्यावर क्लासची गरज किती उरते हे मुलीच्या स्वभावावर आहे. स्वतःचे वेळापत्रक स्वतः पाळणारी मुलगी असेल तर संगमनेरात राहून अवघड विषयाची एखादी शिकवणी आणि चांगली टेस्ट सिरीज एवढे पुरते. कोणी बसवल्याशिवाय बसत नाही अशी असेल तर क्लासची शिस्त विकत घेण्यात गैर नाही. मात्र आपण शिस्त विकत घेत आहोत, पुढच्या शुल्काची बचत नव्हे, हे माहीत असावे.

सबब आपल्या जागी मी असतो तर असे केले असते. येत्या तीन आठवड्यांत मुलीकडून नीटची मागील वर्षाची प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घेतली असती; गुणांसाठी नव्हे, कारण अकरावी-बारावी अजून व्हायची आहे, तर तीन तास ती टिकते का आणि चुकलेला प्रश्न पुन्हा उघडून पाहते का, हे बघण्यासाठी. तिला चारही विषय खरोखर पेलणार आहेत का, की गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक केवळ ‘असू दे’ म्हणून घेतले आहे, हे विचारले असते. अभियांत्रिकीकडे कल असेल तर पुण्याचा विचार सोडून दिला असता. वैद्यकीयकडेच ओढ असेल आणि तिला बाहेरच्या शिस्तीची गरज असेल, तर पहिल्या वर्षापुरते आणि हप्त्यांनी पैसे भरले असते, आणि अकरावीच्या शेवटी तिच्या चाचण्यांतील क्रमांक पाहून दुसऱ्या वर्षाचे ठरवले असते. एक वर्ष गाळून पुन्हा नीट द्यायची वेळ आली, तर शासकीय जागेच्या अगदी जवळ राहून हुकलेल्या मुलीलाच मी होकार देतो, बाकीच्यांना नाही. आणि अधिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र व वैधता यांची कामे बारावीच्या वर्षाची वाट न पाहता या सुट्टीतच सुरू केली असती. उत्पन्नाचा दाखला मात्र प्रवेशाच्या वर्षी नवा लागेल, तो त्या एप्रिलमध्ये, गर्दी व्हायच्या आधी काढावा.